मुखेडला आपल्यातलं कोण चाललंय?

माझा धाकटा भाऊ शिवप्रसाद उदगीरच्या मोंढ्यात धान्याचं आडत दुकान चालवतो. मूठभर सोयाबीन हातात घेतलं की माल कसा आहे ते सांगतो, अन् माणूस बघितला की माणूस कसा आहे तेही आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. सोयाबीनचं त्याचं खरं आहे.

पण घरातली बाई गावाला निघाली की ह्या शहाण्याचं काय होतं देव जाणे. बाई एसटीत एकटी बसलेली त्याला बघवतच नाही. गाडी लागली की तो आधी आत चढतो, खिडकीजवळची जागा धरतो, मग खाली उतरतो अन् मोंढ्यात सौद्याच्या वेळी ओरडतात तसं ओरडतो, "मुखेडला आपल्यातलं कोण चाललंय का हो?" गाडी नांदेडची असेल तर नांदेडला, लातूरची असेल तर लातूरला. लोक वळून बघतात. बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण त्याला त्याचं काही नाही.

आपल्यातलं म्हणजे आमच्या लिंगायतातलं. कपाळावर विभूती दिसली, ह्यानं "शरणार्थ" म्हटलं अन् समोरून "शरणार्थ" आलं, की शिवाचा जीव भांड्यात पडला. मग गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, सोयरीक कुठं केली ते विचारायचं. चहा संपायच्या आत नातं निघालेलं असतं. उदगीर, निलंगा, देगलूर, शिरूर अनंतपाळ, एवढ्या मुलखात आमच्याशी नातं निघत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. एकदा नातं निघालं की बाई त्या माणसाच्या हवाली.

हवाली हा त्याचाच शब्द. पोती हमालाच्या हवाली, ट्रक ड्रायव्हरच्या हवाली, अन् बहीण, बायको, लेक पाहुण्याच्या हवाली. मलाही तो लई वर्षं असंच करायचा. मी ब्लाउज अन् ड्रेस शिवते, कापडही ठेवते. माझं दुकान त्याच्या आडतीला लागून आहे, त्याच्याच गाळ्यात. माल आणायला मी नांदेडला जाते, लग्नसराईत तर सारखी. एका दिवाळीच्या आधी मी त्याला स्वच्छ सांगितलं, "शिवा, इथून पुढं तू स्टँडवर आलास तर मी जळकोटला उतरून माघारी येईन." तो लई रुसला. आमच्या मालकांकडं तक्रार घेऊन गेला. आमचे मालक विरूपाक्ष म्हणजे देवमाणूस, त्यांनी त्याला चहा पाजला अन् म्हणाले, "तुझी बहीण आहे बाबा, तूच समजाव." ते काही त्याला जमलं नाही.

दामिनी ही त्याची थोरली लेक. लॅबचा कोर्स केलेली, रक्त-लघवी तपासायचं शिकलेली. मुखेडच्या एका खासगी दवाखान्यात तिला नोकरी लागली तेव्हा घरात नुसता गोंधळ. शिवा म्हणे, उदगीरात दवाखाने काय ओस पडलेत? पोरगी म्हणे, अप्पा, इथं जागा न्हाई, तिथं हाय. शेवटी मी मधी पडले. ठरलं असं की केवळाबाई नावाच्या एका विधवा बाईकडं मुखेडला खोली घ्यायची, शनिवारी संध्याकाळी घरी यायचं, सोमवारी सकाळी जायचं, अन् दर सोमवारी शिवा स्वतः स्टँडवर सोडायला येणार. पोरगी तेवढ्यालाही तयार झाली. तिला काहीही करून जायचं होतं.

पहिल्या सोमवारी मीही गेले होते, शेंगापोळ्यांचा डबा घेऊन. शिवानं आपली हाळी दिली अन् गर्दीतून एक माणूस पुढं आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, कपाळभर विभूती, पन्नाशीचा. नाव संगमेश्वर. गाव शिरूर अनंतपाळ. बियाण्याच्या कंपनीसाठी दुकानं फिरायचा, आठवड्यातून दोन-तीनदा मुखेडला जाणं. बोलणं असं गोड की ऐकणाऱ्याला तहान लागावी. तो आमच्या मावशीच्या जावेच्या माहेरचा निघाला. शिवाला एवढा आनंद झाला, जणू हरवलेला भाऊ सापडला.

"लेकरू हाय आमचं," शिवा त्याला सांगायला लागला. "दवाखान्यात लॅबमधी कामाला हाय. केवळाबाईच्या घरी ऱ्हाती, देवळाच्या मागच्या गल्लीत. दोघी बायाच असतात घरात, बाप्या माणूस कुणी न्हाई. संध्याकाळी सुटती दवाखान्यातून. तुम्ही येता-जाता जरा बघत जावा. हिचा नंबर घ्या. दामिनी, काकांचा नंबर घे."

मी तिथंच उभी होते. मला वाटलं, अरे बाबा, आता किल्ली तेवढी द्यायची राहिली. माघारी येताना मी त्याला बोललेच, "शिवा, लेकीचा सगळा पत्ता त्या माणसाला कशाला दिलास?" तर तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू माझंच डोकं फिरलंय. "अक्का, पाहुणे हायत ते," म्हणाला. आमच्या घरात ह्या वाक्यापुढं कुणाचं चालत नाही.

मग दर सोमवारी संगमेश्वर. शिवानं फोन करूनच ठरवायला सुरुवात केली, तुम्ही कोणत्या गाडीनं जाताव, मग त्याच गाडीनं पोरगी धाडतो. मधल्या वारी त्याचा फोन यायचा, "दामिनीला बघून आलो, खुशाल हाय." शिवा तो फोन ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा उचलायचा. एकदा त्यानं त्या माणसाच्या घरी तुरीच्या डाळीचं पोतं पोचतं केलं.

उन्हाळा लागला अन् एका शनिवारी पोरगी घरी आली ती म्हणाली, मी नोकरी सोडते. मुखेडचं पाणी सोसत नाही. पोट दुखतं सारखं. तिची आई खूश झाली, लगेच शेजारणींना स्थळं विचारायला लागली. शिवाही खूश, फक्त वरून हळहळ दाखवली. मला मात्र ते पाणी पचेना. ही पोरगी लहानपणी शेतात गेली की विहिरीचं, पाटाचं, मिळेल ते पाणी प्यायची अन् हिला कधी ढेकर सुद्धा वाकडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती दुकानात आली. हातात पंजाबी ड्रेसचं कापड. मी माप घ्यायला टेप काढला तर म्हणाली, "आत्या, गळा वर घे. अगदी बंद. अन् बाह्या मनगटापर्यंत."

"एप्रिलच्या उन्हात?" मी म्हटलं. "शिजून निघशील की गं."

"घे ना, आत्या."

मी पाठीचं माप घ्यायला मागून हात लावला अन् पोरगी अशी दचकली की स्टूल पडलं. मी टेप खाली ठेवला. दुकानाचं शटर अर्धं ओढलं. विचारलं, "कोण हाय?"

ती रडायला लागली, तोंड दाबून, पलीकडं बापाच्या दुकानात आवाज जाऊ नये म्हणून. मग हळूहळू सांगितलं. पहिल्या एक-दोन खेपांना संगमेश्वर नीट वागला. मग गाडीत शेजारी बसून झोपेचं सोंग. मांडीवर हात. ती सरकली की तो सरकायचा. मग संध्याकाळी कैऱ्या, केळी घेऊन केवळाबाईच्या दारात. "वडिलांनी सांगितलंय लक्ष ठेवायला," म्हणायचा. केवळाबाई बिचारी भोळी, बापाचं नाव ऐकलं की दार उघडायची अन् वर चहा टाकायला आत जायची. हा माणूस पोरीच्या कॉटवर बसायचा. शेवटी तिचा हात धरला. तिनं सोडवायला बघितलं तर म्हणाला, "तुझ्या अप्पानीच तुला माझ्या हवाली केलंय, लाजायलीस कशाला?"

ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर कात्री पडली होती ती मी बाजूला सारली, नाहीतर कापडाचं वाटोळं केलं असतं. मेला, मुडदा, काय काय तोंडाला आलं ते मी बोलले. मग म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता शिवाला सांगते."

"न्हाई!" तिनं माझा हात धरला. "आत्या, अप्पाला न्हाई सांगायचं."

"अगं का पण? भितीस काय? तो तुला काही बोलायचा न्हाई. त्याचा मुडदा पाडंल तो."

"मला काही न्हाई बोलणार, मला माहीत हाय," ती म्हणाली. "पण मला घरी बसवतील. अन् मलाच न्हाई. अंजूलाही."

अंजू तिची धाकटी बहीण. दहावीची परीक्षा देऊन बसलेली, लातूरला शिकायला जायचं म्हणून घरात सगळ्यांच्या मागं लागलेली. दामिनीनं सगळा विचार करून ठेवला होता. पाणी सोसलं नाही असं म्हटलं की गोष्ट पाण्यावर जाते. उद्या दुसऱ्या गावाला नोकरी मिळाली तर तिथलं पाणी चांगलं आहे असं म्हणता येतं. पण एकदा का बापाला खरं कळलं की मग कुठलंच गाव नको अन् कुठलीच गाडी नको. अंजूचं लातूर तर संपलंच.

"मी सोडली तर एक नोकरी जाईल," ती म्हणाली. "अप्पानी सोडायला लावली तर सगळंच जाईल."

पोरीच्या डोक्यात एवढा हिशोब, अन् त्यात तिच्या स्वतःच्या जिवाचा कुठं पत्ताच नाही. मला रडू आलं. मी तिला पोटाशी धरलं. तिनं माझ्याकडून शपथ घेतली, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून, की मी शिवाला सांगणार नाही.

जरा शांत झाल्यावर तिनं विचारलं, "आत्या, तू कशी जातीस गं? तुला भ्या वाटत न्हाई?"

मी तिला सांगितलं, जसं सुचलं तसं. की मी कंडक्टरच्या मागची जागा धरते, नाहीतर जिथं बाया जास्त आहेत तिथं घुसते. अर्धं तिकीट झाल्यापासून बाया गाडीत भरपूर असतात, ते एक बरं झालंय. ब्लाउजला पिन टोचलेली असते, ती नुसती लुगड्यासाठी नसते. कुणी गोड बोलून कुठं उतरणार विचारलं तर मी एक गाव आधीचं किंवा पुढचं सांगते. घरात कुणी नसलं तरी "मालक घ्यायला येणार हायत" म्हणते. अन् कुणाचा कोपर लागायला लागला तर मी मनात बोलत नाही, मोठ्यानं बोलते. मोठ्यानं बोललं की गाडीतल्या चार बाया आपल्या बाजूनं उठतात. हे मला माझ्या अनुभवानं कळलंय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे सगळं अनोळखी माणसाला चालतं, आत्या. अनोळखी माणसावर ओरडता येतं. ह्याच्यावर कशी ओरडू? ह्याला मी कोणतं गाव खोटं सांगू? अप्पानी सगळं खरं सांगून ठेवलंय."

जन्मभर आम्हा बायांना हेच शिकवलं की अनोळखी माणसापासून सांभाळून राहा, ओळखीच्या माणसाजवळ बस. म्हणजे सगळं सावधपण आम्ही दाराच्या बाहेर उभं केलं अन् आत येणाऱ्याचं नुसतं कपाळ बघितलं. शिवा वाईट बाप आहे का? मुळीच नाही. लेकीसाठी तो जीव देईल. त्याच्या मायेत खोट नाही. पण त्या मायेनंच त्या माणसाला पोरीच्या कॉटपर्यंत आणून बसवलं. मी त्या दिवशी बटणाची काजं करत बसले अन् हेच डोक्यात फिरत राहिलं. रागही येत होता अन् भावाची कीवही येत होती.

सोमवारी तिला जायचं होतंच. दवाखान्यात सांगायचं, खोलीतलं अंथरूण, भांडी आणायची. मी म्हटलं, मी येते सोबत. शिवानं ते ऐकलं अन् म्हणाला, "बरं झालं. तरी संगमेश्वररावांना फोन केलाय मी. ते पण हायत त्या गाडीला."

"मी हाय की सोबत," मी म्हटलं. "अजून कशाला कोण?"

"अक्का, दोघी बायाच की तुम्ही," तो म्हणाला. "माणूस पाहिजे एखादा."

मी दातओठ खाऊन गप बसले. शपथ घातलेली. दामिनीकडं बघितलं तर ती खाली मान घालून चपलेचा पट्टा लावत होती.

स्टँडवर त्या दिवशी मरणाची गर्दी. लग्नाची तीथ असावी, नटलेल्या बायका, पेट्या, लेकरं. मुखेडची गाडी लागली होती. कंडक्टर खाली उभा राहून तंबाखू मळत होता. शिवाच्या हातात दामिनीची बॅग. तेवढ्यात संगमेश्वर आला. तोच पांढरा शर्ट, तीच विभूती.

"शरणार्थ, शिवप्रसादअप्पा!"

"शरणार्थ, शरणार्थ," शिवाचा चेहरा उजळला. "या. तुमचीच वाट बघायलो. ही शेवटची खेप बघा आमच्या पोरीची, नोकरी सोडायलीय. घ्या, तुमच्या हवाली करतो."

"आरं देवा, सोडायली का?" संगमेश्वरनं शिवाच्या हातातून बॅग घेतली. "चांगलं लेकरू. मला लेकीसारखीच हाय." अन् असं म्हणत त्यानं दामिनीच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या समोर. तिच्या बापासमोर.

मी चप्पल काढायला वाकले होते. शपथ गेली खड्ड्यात असं ठरवूनच वाकले होते. पण मी सरळ व्हायच्या आत मला पोरीचा आवाज ऐकू आला.

"हात काढा."

ती हळू बोलली. शिवाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग ती मोठ्यानं बोलली, एवढ्या मोठ्यानं की गाडीच्या खिडकीतून बायकांनी माना बाहेर काढल्या. "हात काढा म्हणलं! अप्पा, मला ह्या माणसाच्या हवाली करू नका. हा गाडीत अंगाला हात लावतो. तुमचं नाव सांगून माझ्या खोलीत येऊन बसतो. मला मुखेडचं पाणी न्हाई बाधलं, अप्पा. हा माणूस बाधला."

तिचा आवाज कुठं अडखळला नाही. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी हातात चप्पल घेऊन तशीच उभी राहिले.

संगमेश्वर हसला. "लेकराचा काहीतरी गैरसमज झालाय," म्हणाला. मग शिवाच्या जवळ सरकला अन् आवाज खाली आणला. "अप्पा, पोरीच्या लग्नाचं बघायलाव म्हणं तुम्ही. चारचौघांत असं बोलू देऊ नका तिला. नाव तिचंच जातंय."

शिवानं आजूबाजूला बघितलं. मोंढ्यातलं कोण आहे, ओळखीचं कोण ऐकतंय, ते तो बघत होता. त्याची नजर फिरली ते मी बघितलं. मला वाटलं, हा आता पोरीला गप बस म्हणणार. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "अक्का?" एवढंच म्हणाला.

"खरं हाय," मी म्हटलं. "सगळं खरं हाय. तिनं मला शपथ घातली होती म्हणून गप होते."

शिवा मारेल असं मला वाटलं होतं. त्यानं मारलं नाही. त्यानं हात पुढं केला अन् संगमेश्वरच्या हातातून बॅग काढून घेतली. "जा," म्हणाला. तो माणूस अजून काही बोलायला गेला तसा शिवा ओरडला, "जा म्हणलं ना, हरामखोरा!" असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खिडकीतली एक बाई म्हणाली, "धरा की त्याला, सोडताव काय!" कंडक्टर तंबाखू झटकून पुढं आला, पण तोवर तो माणूस नांदेडच्या गाडीमागं जाऊन गर्दीत मिसळला. माझी चप्पल हातातच राहिली. त्याची चुटपुट मला अजून आहे.

शिवानं लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "चल घरी."

अन् बॅग घेऊन वळला.

दामिनीनं बॅगेचा दुसरा बंद धरला. "अप्पा," ती म्हणाली, "चूक त्याची. घरी मी का जाऊ?"

"चल म्हणलं ना लेकरा. काही नको आपल्याला नोकरी-बिकरी. चल."

"तुम्हाला इतके दिवस सांगितलं न्हाई ते ह्याच्यासाठीच," ती म्हणाली. "तुम्ही 'चल घरी' म्हणणार, मला माहीत होतं. त्याची भीती मला त्या माणसापेक्षा जास्त वाटली."

बॅग दोघांच्या मधी. बाप इकडून धरून, लेक तिकडून. कंडक्टरनं घंटी मारली. बोलण्यासारखं सगळं पोरगी बोलली होती. शिवाचा चेहरा मी बघत होते, लहानपणी पतंग कटला की व्हायचा तसा झाला होता. मग त्यानं बोटं सैल केली. बॅग पोरीकडं गेली.

ती चढली अन् बायांच्या मधी जाऊन बसली. मी फूटबोर्डवर पाय ठेवला तर खिडकीतून म्हणाली, "राहू दे आत्या. मी नोकरी सोडत न्हाई, मग अंथरूण आणायचं काम न्हाई. तू अप्पाजवळ थांब." फोन तिच्या कानालाच होता. आधी केवळाबाईला सांगितलं, त्या माणसाला दारात उभं करायचं नाही, कुणाचंही नाव सांगू दे. मग दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना. त्यांच्यासोबत आज पोलीस ठाण्यात जाणार म्हणाली. शिवानं खिडकीखाली उभं राहून तोंड उघडलं, गाडीत एकदा नजर फिरवली अन् कुणाला हाक न मारता तोंड मिटलं.

गाडी गेली. आम्ही दोघं बहीण-भाऊ फलाटावरच्या बाकावर बसलो. शिवानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं.

"अक्का," तो म्हणाला, "तू इतकी वर्षं नांदेडला जायलीस. तुला कधी..."

"हाव," मी म्हटलं.

"कधी?"

"एकदा असतं तर सांगितलं असतं कधी ते. अन् तू ज्यांच्या हवाली करायचास, त्यांच्यातलाही होता एक."

"कोण?"

"मेला तो. जाऊ दे."

"मला का न्हाई सांगितलंस मग?" तो म्हणाला. "मी भाऊ हाय की तुझा."

समोर लातूरची गाडी लागत होती, लोक खिडक्यांतून रुमाल टाकत होते. शिवा आपल्या तळहातांकडं बघत बसला. मग त्याचं त्यालाच उत्तर सापडलं.

"गाळा काढून घेतला असता मी तुझा," तो म्हणाला. "म्हणलो असतो, तू घरी बस, कापड मी आणून देतो."

"म्हणून," मी म्हटलं.